वाटेतली खुर्ची
प्रश्न : आमच्या नाट्यगृहात प्रयोग हाऊसफुल्ल झाला की मधल्या वाटेत प्लास्टिकच्या खुर्च्या टाकतात. बाजूचं दार कुलूपबंद. तक्रार करावी का?

उत्तर : जरूर करा, आणि पडदा उघडायच्या आत. दिल्लीच्या ‘उपहार’ चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसं गेली, ती धुरात गुदमरून. आग खालच्या वाहनतळातल्या ट्रान्सफॉर्मरची. पण बाल्कनीत जादा खुर्च्यांसाठी उजवीकडची वाट बुजवली होती. धूर काही मिनिटांत वर चढतो, म्हणून कुलपाची किल्ली शोधायला वेळच उरत नाही. व्यवस्थापक ऐकत नसेल, तर नगरपालिकेच्या अग्निशमन विभागाला फोटोसह लेखी कळवा. महाराष्ट्रात २००६च्या कायद्याने अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र मालकाला दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं; त्याचीही चौकशी करा.