वर्णनाने हुकूम सोडू नये

यंत्राच्या अंगी काय आहे हे सांगणे आणि त्या यंत्राने जाळ्यात कोणत्या पत्त्याने वावरावे हे ठरविणे, या दोन भिन्न अधिकारांच्या बाबी आहेत. आणि ज्यांनी त्यांची सरमिसळ केली त्यांच्या हट्टाचा भुर्दंड शेवटी तिसऱ्यालाच सोसावा लागतो, हे मी गेल्या उन्हाळ्यात नागपुरात पदरचे पैसे घालून अनुभवले आहे.

कळमना बाजारालगतच्या मिरचीच्या शीतगृहांत तापमान नोंदविणाऱ्या पेट्या बसविण्याचे काम माझ्याकडे होते. पेटीतला बोर्ड परगावच्या एका पुरवठादाराचा. त्यावर लिनक्स, दोन इथरनेट पोर्ट आणि एक वायफाय. बोर्डाच्या अंगी काय आहे हे लिनक्सला सांगणारी, सोबत आलेली डिव्हाइस ट्रीची फाईल उघडून पाहतो तो तिच्यात नियमच लिहिलेला: जाळ्यात यंत्राची ओळख ठरणारा मूळ मॅक अ‍ॅड्रेस पहिल्या पोर्टाला द्यावा, त्यात एक मिळवून दुसऱ्या पोर्टाला आणि दोन मिळवून वायफायला. मी तत्काळ लेखी हरकत घेतली की, पत्ता बोर्डावरच्या ईईप्रॉम या स्मृति-चिपमध्ये कितव्या बाइटपासून आहे एवढेच या फाईलीने सांगावे. तीन पत्ते लागत असतील तर तिन्ही कारखान्यातच लिहावेत, नपेक्षा प्रत्येक बोर्डामागे तीन पत्ते राखून ठेवल्याचा दाखला द्यावा. उत्तर एका ओळीचे आले: सगळेच असे करतात.

जिथे केबल पोचत होती तिथल्या पेट्या पहिल्या पोर्टावर आणि जिथे पोचत नव्हती तिथल्या वायफायवर, अशी मांडणी झाली, आणि पेट्या आळीपाळीने बेपत्ता होऊ लागल्या. एकीच्या नोंदी येऊ लागल्या की दुसरीच्या बंद पडत. पुरवठादाराने आधी आमच्या स्विचवर बोट ठेवले, मग केबलवर, आणि अखेर नागपूरच्या उन्हावर; शीतगृहाच्या आत बसविलेल्या पेटीला उन्हाची बाधा कशी व्हावी, याचा खुलासा मात्र कोणी केला नाही.

उलगडा झाला तो स्विचच्या पत्तेयादीत. एकच पत्ता घटकेत चौथ्या पोर्टावर, घटकेत नवव्या पोर्टावर दिसत होता. मी पेट्या काढून आणल्या, जमिनीवर ओळीने मांडल्या आणि लेबले वाचली. शेवटचे आकडे होते ४१, ४२, ४३. कारखान्याने दर बोर्डाला एकच पत्ता खर्ची घातला होता आणि फाईल मात्र दर बोर्डामागे तीन उचलत होती. म्हणजे ४१ च्या पेटीचे वायफाय जो पत्ता सांगत होते, तो ४३ च्या पेटीचा जन्मसिद्ध पत्ता होता. ज्याविषयी मी आगाऊ लेखी इशारा दिला होता, तेच अक्षरशः माझ्या पायाशी मांडलेले होते. हे कळविल्यावर पुरवठादार म्हणतो, फाईल एका विभागाची आणि क्रमांक दुसऱ्या विभागाचे! पुढे तो नियम गाळलेली नवी फाईल निमूट आली. सोबत दिलगिरीचा एक शब्दही नव्हता.

आता तत्त्वाचे बोलतो. डिव्हाइस ट्रीची कल्पना ओपन फर्मवेअरच्या १९९४ च्या मानकापासून चालत आलेली आहे. २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी एआरएम बोर्डांच्या पसाऱ्याबद्दल जाहीर त्रागा केल्यानंतर लिनक्सच्या त्या शाखेतही ती रुजली. ही फाईल मॉडेलागणिक एक असते. मॅक पत्ता नगागणिक एक. मोजणीच्या नकाशात शेताची हद्द असते, पण शेत कोणाच्या नावे आहे हे हक्कनोंदीच्या दफ्तरातच पाहावे लागते. नकाशावर मालकाचे नाव छापून तोच नकाशा गावोगाव वाटला, तर तंट्यांना अंत उरणार नाही. मूळ पत्ता दाखवून त्यापुढचा कितवा हवा हे सांगण्याची सोय पुढे लिनक्सने दिली आहे, हे मला मान्य आहे. परंतु ते पुढचे पत्ते निर्मात्याने खरोखर राखून ठेवले असतील तेव्हाच ते वर्णन ठरते, एरवी ते परक्या मालमत्तेवरील अतिक्रमण होय. हे पत्ते गटागटाने नेमून देणाऱ्या आयईईई या संस्थेकडून मिळणाऱ्या सर्वांत लहान गटात ४०९६ पत्ते असतात. दर नगास तीन दिले तर १३६५ नगांत गट संपतो. काटकसरीचा मोह तिथेच उत्पन्न होतो.

म्हणून या वाटेने जाणाऱ्यांना सांगणे आहे. लागोपाठ क्रमांकांचे निदान तीन बोर्ड मागवावेत, सर्व पोर्ट चालू करून पत्ते कागदावर उतरवावेत आणि एकही दुबार येत नाही हे पाहूनच पुढचे पैसे मोकळे करावेत. फाईलीतील लोकल-मॅक-अ‍ॅड्रेसपुढे सगळी शून्ये असतील तर हरकत नाही, कारण यू-बूटसारखा बूटलोडर तिथे त्या त्या नगाचा पत्ता भरू शकतो. पण खरा पत्ता छापलेला आढळला तर माल परत करावा. बेरजेचा नियम असेलच, तर शेवटचा बाइट एफएफ असताना हातचा पुढे जातो की नाही हे विचारावे. स्वतः पत्ते निर्माण करावयाचे झाल्यास ते ०२ ने सुरू करावेत, म्हणजे कोणाच्या नेमून दिलेल्या गटावर आक्रमण होत नाही. बाकी, सर्व व्यवहार लेखी ठेवावा आणि विक्रेत्याच्या गोड बोलण्यावर विसंबू नये.

माझ्या फेऱ्यांचा आणि मजुरीचा खर्च पुरवठादाराने अद्याप दिलेला नाही. मात्र यापुढे माझ्या प्रत्येक मागणीपत्राचे पहिले कलम हेच राहील की पत्त्यांचे वाटप कारखान्याच्या नोंदवहीत होईल आणि फाईल केवळ जागा दाखवील. ज्याला ही अट जाचक वाटते त्याचा माल मी घेणार नाही, आणि आपणही घेऊ नये.