लालबागेतील शाळा

प्रास्ताविक

1848 मध्ये पुण्यातील भिडेवाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींसाठी शाळा काढली, हे आपणांस ठाऊक आहे. त्यानंतर बावीस वर्षांनी लखनौच्या बाजारात अशीच एक लहानशी शाळा उभी राहिली. तिच्या संस्थापिकेचा परिचय या पाठात करून घेऊ या.

पाठ

इझाबेला थोबर्न यांचा जन्म 29 मार्च 1840 रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला. शिक्षण पूर्ण करून त्या शिक्षिका झाल्या. त्यांचे बंधू जेम्स हे भारतात ख्रिस्ती मिशनचे कार्य करीत होते. पडद्याआडच्या स्त्रियांपर्यंत पुरुष पोहोचू शकत नाहीत, त्यासाठी स्त्रियाच हव्यात, असे त्यांनी बहिणीस कळविले. जानेवारी 1870 मध्ये इझाबेला मुंबई बंदरात उतरल्या. सोबत डॉ. क्लारा स्वेन होत्या. डॉ. स्वेन बरेलीस गेल्या. इझाबेला लखनौस आल्या.

18 एप्रिल 1870 रोजी अमीनाबाद बाजारातील एका खोलीत शाळा भरली. मुली होत्या अवघ्या सहा! मुलींनी शिकणे समाजास रुचत नव्हते. कोणी त्रास देईल या भीतीने दारात एक तरुण काठी घेऊन उभा राहिला. आत मुली अक्षरे गिरवीत होत्या.

कोणीही हल्ला केला नाही. मुलींची संख्या वाढू लागली. पुढच्याच वर्षी लालबागेतील प्रशस्त जागा मिळाली आणि तेथे वसतिगृहही सुरू झाले. परंतु शाळा संपल्यावर या मुलींनी पुढे कोठे शिकावे? या प्रश्नाचे उत्तर म्हणून 1886 मध्ये तेथेच महाविद्यालयाचे वर्ग सुरू झाले.

लीलावती सिंह ही तेथील विद्यार्थिनी. पुढे ती त्याच संस्थेत प्राध्यापिका झाली. 1900 मध्ये न्यूयॉर्क येथील मिशनरी परिषदेत तिने भाषण केले. शिष्येचा हा गौरव इझाबेलांना पाहता आला. 1 सप्टेंबर 1901 रोजी लखनौ येथे पटकीने त्यांचे निधन झाले. महाविद्यालयास त्यांचे नाव देण्यात आले.

1939 मध्ये कॉन्स्टन्स प्रेमनाथ दास या तेथील पहिल्या भारतीय प्राचार्या झाल्या. इस्मत चुगताई आणि कुर्रतुलऐन हैदर या थोर उर्दू लेखिकाही याच महाविद्यालयात शिकल्या.

मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे खरे. तथापि ज्ञानाचे दार एकदा उघडले की, त्यातून कोण कोठवर जाईल, हे दार उघडणाराही सांगू शकत नाही. शिकण्यास उशीर झाला असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या सहा मुली आठवाव्यात. त्यांचीही सुरुवात भीतीतूनच झाली होती.

शब्दार्थ

अवघ्या – फक्त
प्रशस्त – ऐसपैस, मोठी
पटकी – कॉलरा
तथापि – तरीसुद्धा

पाठगत प्रश्न

1. शाळेच्या दारात तरुण काठी घेऊन का उभा होता?
2. महाविद्यालयाचे वर्ग सुरू करण्याची गरज का भासली?
3. तुमच्या शिक्षणाच्या वाटेवरील एक अडथळा व तो दूर करण्यास साहाय्य करणारी व्यक्ती यांविषयी पाच ओळी लिहा.