पाजून झाल्यावर दुखतं तेव्हा

अंगावर पाजताना दुखतं म्हटलं की दोनच वाक्यं ऐकू येतात. घरातून येतं ते "सुरुवातीला सगळ्यांनाच दुखतं गं" आणि दवाखान्यातून येतं ते "बाळाची पकड बघा". दोन्ही बहुतेक वेळा खरी असतात, म्हणूनच त्यांच्यापलीकडे जायची गरज कुणाला वाटत नाही. माझं दुखणं पलीकडचं होतं.

मुलगी झाली तेव्हा नाशकात कडाक्याची थंडी होती. शेवटच्या महिन्यांत बीपी वाढलं म्हणून लॅबेटालॉल ही गोळी सुरू केली होती आणि बाळंतपणानंतरही तीच चालू ठेवली होती. गोळीचं हे मुद्दाम आधीच सांगून ठेवते.

बाळ पीत असायचं तोवर निभावून जायचं. खरं दुखणं ते सुटल्यावर सुरू व्हायचं. आधी आग, मग आतून ठणका, आणि तो ठणका थेट पाठीत खांद्याखाली जायचा. दूध पिऊन लेक गाढ झोपलेली आणि मी दात आवळून भिंतीला टेकलेली. बरं, हे पाजण्यापुरतंच होतं असंही नाही. अंघोळीहून बाहेर आले की तीच कळ, फ्रीज उघडून समोर उभी राहिले तरी तीच.

उपाय भरपूर झाले. एका अनुभवी नर्सने पकड तपासली, ती ठीक निघाली. मग बुरशीचा संसर्ग असेल म्हणून मला मलम आणि बाळाच्या तोंडात थेंब आले, तिच्या जिभेवर पांढरा थर कुठेही नसताना. बारीक चिरा असतील, तर पाजल्यावर थोडा वेळ उघडी हवा लागू द्या, असं एकीने सुचवलं. दूध साचलं असेल, तर थंड पट्ट्या ठेवा, असं दुसरीने. यातला एकही सल्ला वेडगळ नव्हता. चिरांना मोकळी हवा बरी, दूध साचून छाती गच्च झाली तर थंड पट्टीने आराम पडतो. पण माझ्या दुखण्यावर हवा आणि गारवा म्हणजे आगीत तेल होतं, आणि मी ते इमानेइतबारे ओतत होते. दुखणं कोणतं ते ठरायच्या आधीच उपाय सुरू झाला की असं होतं.

ते पहिल्यांदा पाहिलं मालिशवाल्या मावशींनी. तेल गरम करून आणेपर्यंत मी पाजून मोकळी झाले होते, अंगावर पदरही नव्हता. त्या थबकल्या आणि म्हणाल्या, "ताई, हे असं पांढरं का पडलंय?" मी खाली पाहिलं. स्तनाचं बोंड मेणासारखं पांढरंफटक होतं. बघता बघता ते जांभळट झालं, मग लालबुंद, आणि लाल होताना ठणका शिगेला पोचला. मला एकदम माझी बोटं आठवली. कॉलेजात असताना थंडीत सकाळी स्कूटीवरून गेलं की दोन बोटं अशीच पांढरी आणि बधिर व्हायची. मैत्रिणी हसायच्या, मीही हसायचे.

पुढच्या वेळी दुखायला लागलं तेव्हा नवऱ्याला मोबाईलवर फोटो काढायला सांगितले. पांढरा, जांभळा आणि लाल, असे तिन्ही रंग. संकोच वाटला, पण दुसरा इलाज नव्हता. दवाखान्यात पोचेपर्यंत रंग पूर्ववत होतो आणि तपासायला काही उरतच नाही. दुसऱ्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी ते फोटो पाहिले, बोटांबद्दल विचारलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं आणि सांगितलं, की हा रेनॉडचा त्रास आहे.

मॉरिस रेनॉड या फ्रेंच डॉक्टराने १८६२ मध्ये याचं वर्णन केलं, तेव्हापासून त्याच्याच नावाने तो ओळखला जातो. गारवा लागला किंवा ताण आला की बारीक रक्तवाहिन्या गरजेपेक्षा जास्त आकसतात. रक्त पोचत नाही म्हणून भाग पांढरा पडतो, प्राणवायू संपतो तसा निळा-जांभळा होतो, आणि रक्त परत धावलं की लाल होऊन ठणकतो. बहुतेकांना हे हातापायांच्या बोटांना होतं, पण पाजणाऱ्या बाईच्या बोंडालाही होऊ शकतं. बाळाच्या गरम तोंडातून ओलं बोंड सुटतं आणि गार हवा लागते, तेवढं निमित्त पुरतं. वरून लॅबेटालॉल. ही गोळी बीपीसाठी चांगली, गरोदरपणात सर्रास दिली जाते. पण तिच्या जातीच्या औषधांनी हा त्रास काहींना वाढतो.

बाईंनी ती गोळी बदलून निफेडिपिन दिली, सावकाश विरघळणारी. गंमत अशी की तीही बीपीचीच गोळी. ती रक्तवाहिन्या सैल करते, म्हणून या त्रासावरही चालते, आणि दुधात फार थोडी उतरते, त्यामुळे पाजणं थांबवावं लागत नाही. पहिले काही दिवस डोकं दुखलं, चेहरा तापल्यासारखा वाटला. पण ठणका आठवड्याभरात उतरला. मात्र हे वाचून कुणी आपली बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे बीपी घातक ठरू शकतं. गोळी बदलायची ती डॉक्टरांनीच. ज्यांचं बीपी आधीच कमी असतं त्यांना निफेडिपिनने चक्करही येते.

औषधाइतकाच उपयोग उबेचा झाला. बाळ सुटलं की तत्क्षणी कोरडं करून झाकायचं. तव्यावर ऊन केलेलं सुती फडकं आधीच जवळ ठेवायचं, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं आणि मगच छातीवर ठेवायचं. ओला शेक नको, तो लगेच गार होतो. अंगात स्वेटर, पायांत मोजे. फक्त छाती झाकून भागत नाही, सगळं अंगच ऊबदार हवं. शेक-शेगडीला मी आधी नाकं मुरडली होती, आता ऊब का हवी ते कळलं. पण बंद खोलीत कोळशाची शेगडी नकोच. तिच्यातून निघणाऱ्या वायूचा वास येत नाही आणि तो आई-बाळ दोघांच्याही जिवावर उठू शकतो. चहा-कॉफी कमी केली. सर्दीच्या तयार गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेतल्या नाहीत. नाक मोकळं करणारी औषधं रक्तवाहिन्या आकसवूनच काम करतात, आणि त्यातल्या काहींनी दूधही कमी होतं. घरात तंबाखू-सिगारेट असेल तर तीही बाहेर.

आता हे वाचून प्रत्येकीने स्वतःला रेनॉड आहे असं ठरवू नये. जास्त वेळा दोष पकडीतच असतो, आणि वाईट पकडीने दाब पडूनही बोंड पांढरं होतं. बाळ सुटल्यावर ते नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं चेपलेलं दिसलं, तर आधी पकड सुधारा. बाळाची जीभ खालून आखडलेली आहे का तेही बघून घ्या. बाळाच्या तोंडात पुसून न जाणारे पांढरे डाग असतील तर बुरशीची शंका रास्त, आणि तेव्हा औषध दोघांनाही लागतं. छातीचा एक भाग लाल, गरम, कडक झाला आणि अंगात ताप आला, तर तो दूध कोंडून झालेला दाह. त्यात पाजणं बंद करायचं नसतं, पण गाठ जोर लावून चोळून "फोडायची"ही नसते. आमच्याकडे मालिशीत हे हमखास होतं. आता डॉक्टर नेमकं उलट सांगतात, जोरात दाबल्याने आतली सूज वाढते. हलका हात, थंड पट्टी, डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी. एक-दोन दिवसांत उतार पडला नाही तर दाखवायलाच हवं, कारण आत पू धरलेला असू शकतो. पाहिलंत ना, इथे थंड चालतं, माझ्यावर चालत नव्हतं.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना नुसतं "दुखतं" म्हणून थांबू नका. पाजताना दुखतं की नंतर, किती वेळ, कुठवर कळ जाते, रंग बदलतो का, गारव्याने वाढतं का, गरोदरपणापासून कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे लिहून न्या. हातापायाची बोटं कधी पांढरी पडली असतील तर तेही सांगा. क्वचित यामागे ल्युपससारखा आजार असतो, म्हणून माझीही रक्ततपासणी झाली. ती चांगली आली.

घरच्यांना एक सांगायचंय. मला डिंकाचे लाडू मिळाले, अळिवाची खीर मिळाली, दूध पुरतंय का याची चौकशी दिवसातून दहादा झाली. दुखतंय का, हे फार थोड्यांनी विचारलं. दुखण्याच्या धास्तीने पाजायची वेळ जवळ आली की माझ्या छातीत धडधडायचं, आणि ताणाने हाच त्रास वाढतो. त्या दिवसांत रात्रीचं एक पाजणं माझ्याकडून काढून घेतलं गेलं. काढून ठेवलेलं दूध सासूबाई वाटी-चमच्याने पाजायच्या, ते पुरलं नाही तर डॉक्टरांना विचारून वरचं. त्यावरून शेजारून टोमणे आले. सासूबाईंनी ते परस्पर परतवले.

हा त्रास पुढच्या बाळंतपणात पुन्हा होऊ शकतो. त्यामुळे फाईलच्या पहिल्याच पानावर, रक्तगटाच्या खाली, मी लाल पेनाने लिहून ठेवलंय: रेनॉड, लॅबेटालॉल देण्याआधी विचारा.