संगणकातील तात्पुरती जागा संपते तेव्हा : आधी तपास, मग खर्च

ठोक कापडाचे दुकान असो, जिनिंग असो की मिरचीची आडत, हिशेब आता संगणकावर आला आहे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि चोपडीवर भागवणाऱ्या अनेकांनाही संगणक घ्यावा लागला. एरवी अडचण नसते. बिले निघतात, उधारी जमा होते. अडचण येते ती महिन्याच्या दहा-अकरा तारखेला, दरमहाचे विक्री विवरण भरण्याच्या वेळी. किंवा ईदच्या आधी, कोणत्या पार्टीकडे किती येणे आहे याची वर्षभराची यादी काढायला बसले की. बटण दाबल्यावर पाच-दहा मिनिटे काहीच होत नाही आणि मग पडद्यावर येते की तात्पुरती जागा संपली. यादी निघत नाही. सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला तर तो सांगतो, मोठी डिस्क घ्या. डिस्क येते, पैसे जातात आणि तीन महिन्यांनी तोच संदेश पुन्हा हजर होतो.

हा रोग काय आहे, तो कसा ओळखावा आणि त्यावर कोणत्या क्रमाने उपाय करावा, हे या लेखात पाहू. दुकानदाराने स्वतः संगणकतज्ज्ञ व्हावे असे नाही. पण समोरच्याला योग्य प्रश्न विचारता आले तर फुकटचा खर्च वाचतो आणि हिशेबही सुरक्षित राहतो.

डेटाबेस म्हणजे काय

१९७० मध्ये आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी एक विचार मांडला. सगळी माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि सारख्या खुणेवरून एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध जोडावा. पार्टीचा एक तक्ता, बिलांचा दुसरा, मालाचा तिसरा. पार्टीचा खाते क्रमांक बिलाच्या तक्त्यातही असतो, त्यावरून दोन्ही जुळतात. ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस ही सगळी याच घराण्यातली. आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट परकी नाही. शहादा तालुक्यातील टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. माणसाला एक क्रमांक आणि त्या क्रमांकावरून त्याची नोंद, हेच तत्त्व आपल्या खात्यांनाही लागू आहे.

तात्पुरती जागा कशासाठी

गोदाम वेगळे आणि गठाण सोडून थान निवडायची मोकळी जागा वेगळी, हे कापडवाल्याला सांगायला नको. सुरतहून गठाण आली की ती मोकळ्या जागेत सोडायची, रंगाप्रमाणे, पन्ह्याप्रमाणे थान लावायचे, मग माल गोदामात न्यायचा. काम संपले की जागा रिकामी. संगणकातली तात्पुरती जागा म्हणजे हीच मोकळी जागा. तिच्यात कायमचा माल राहत नाही.

समजा, एक हजार बिले तारखेप्रमाणे लावायची आहेत आणि गल्ल्यावर शंभरच मावतात. शहाणा मुनीम शंभर-शंभरचे दहा गठ्ठे करील, प्रत्येक गठ्ठा तारखेने लावून खाली सतरंजीवर ठेवील आणि मग दहाही गठ्ठ्यांच्या वरचे बिल पाहत पाहत एक मोठा गठ्ठा जमवील. डेटाबेस अगदी असेच करतो. गल्ला म्हणजे मेमरी, सतरंजी म्हणजे डिस्कवरची तात्पुरती जागा. यादी क्रमाने लावणे, पार्टीप्रमाणे बेरीज करणे, दुबार नोंदी गाळणे, दोन मोठे तक्ते जुळवणे, नवीन अनुक्रमणिका म्हणजे इंडेक्स बांधणे, या कामांना मेमरी पुरली नाही की तात्पुरती जागा लागते. रोजचे एक बिल काढायला ती सहसा लागतच नाही. म्हणूनच रोज सगळे सुरळीत चालते आणि महिनाअखेरीस गाडी अडते.

तपास कसा करावा

पहिली गोष्ट, पडद्यावरचा संदेश शब्दशः लिहून ठेवा, वेळेसकट. ओरॅकलमध्ये हा संदेश ओआरए-०१६५२ या क्रमांकाने येतो आणि कोणत्या कोठारात जागा कमी पडली त्याचे नाव त्यातच असते. नाव ‘टेम्प’ असेल तर तात्पुरती जागा कमी पडली. पण तिथे मालाच्या किंवा बिलांच्या कायम कोठाराचे नाव असेल तर टेम्प वाढवून काहीच साधणार नाही. नवा तक्ता किंवा इंडेक्स बांधताना ओरॅकल आधी कायम कोठारातच तात्पुरता तुकडा घेतो आणि तीच जागा संपलेली असते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये संदेश क्रमांक ११०५ येतो, त्यातही डेटाबेसचे नाव असते. ते ‘टेम्पडीबी’ आहे का, एवढे पाहा.

दुसरी गोष्ट, ज्याच्या पडद्यावर संदेश आला तोच दोषी असे समजू नका. निवडायच्या जागेवर एकाने चाळीस गठाणी सोडून ठेवल्या आणि दुसरा एक गठाण घेऊन आला, तर ‘जागा नाही’ हे दुसऱ्यालाच ऐकावे लागते. म्हणून काम चालू असतानाच पाहावे की जागा कोणी अडवली आहे. ओरॅकलमध्ये ‘व्ही-डॉलर-टेम्पसेग-युसेज’ या तक्त्यात वापरकर्ता आणि त्याने घेतलेले ब्लॉक दिसतात. ब्लॉक सहसा ८ किलोबाइटचा असतो, म्हणजे कोणाच्या नावावर २,६२,१४४ ब्लॉक दिसले तर त्याने २ गिगाबाइट जागा धरली आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्येही प्रत्येक सत्राने टेम्पडीबीची किती जागा घेतली हे दाखवणारे तक्ते आहेत. पोस्टग्रेसमध्ये ‘लॉग-टेम्प-फाइल्स’ ही सोय शून्यावर ठेवली की प्रत्येक तात्पुरत्या फाइलची नोंद रोजनिशीत पडते.

हे काम चालू असतानाच का करायचे? कारण काम अडून बंद पडले की तात्पुरती जागा सुटते. सॉफ्टवेअरवाला दुसऱ्या दिवशी येतो तेव्हा त्याला सगळे रिकामे दिसते आणि तो अंदाजाने औषध देतो. उलट प्रकारही होतो. ओरॅकल एकदा घेतलेली तात्पुरती जागा लगेच डिस्कला परत देत नाही, पुढच्या कामासाठी राखून ठेवतो. बाहेरून पाहिले तर फाइल भरलेली दिसते, आत मात्र वापरता येईल अशी जागा असते. म्हणून फाइलचा आकार न पाहता प्रत्यक्ष वापर विचारा.

तिसरी गोष्ट, कोणत्या यादीने जागा खाल्ली ते सापडले की तिचा हिशेब मांडा. समजा, तुमच्याकडे बिलांच्या १२ लाख ओळी आहेत आणि एका ओळीला २०० बाइट लागतात. सगळ्या ओळी एकदम क्रमाने लावल्या तरी २४ कोटी बाइट, म्हणजे साधारण २४० मेगाबाइट. ही काही मोठी रक्कम नाही. आता समजा यादी लिहिणाऱ्याने पार्टीचा खाते क्रमांक जुळवण्याची अट घालायची सोडली. मग संगणक ३,००० पार्ट्यांपैकी प्रत्येकीला १२ लाख ओळींपैकी प्रत्येक ओळ चिकटवतो. झाल्या ३६० कोटी ओळी, आणि जागा लागली ७२० गिगाबाइट. इथे कितीही मोठी डिस्क आणली तरी ती भरणारच. अपेक्षित जागा आणि प्रत्यक्ष जागा यांत असा जमीन-अस्मानाचा फरक दिसला की दोष जागेचा नाही, यादीचा आहे.

उपायांचा क्रम

१) यादी सुधारा. जुळवणीची अट आहे का पाहा. एका महिन्याचे विवरण हवे असेल तर तारखेची अट आधी लावा, सगळ्या वर्षांची बिले ओढून मग गाळू नका. दोन याद्या जोडताना दुबार नोंदी येण्याचा संभवच नसेल तर ‘युनियन’ऐवजी ‘युनियन ऑल’ वापरायला सांगा, म्हणजे दुबार शोधण्याची मेहनत वाचते. ज्या क्रमाने यादी नेहमी लागते त्या क्रमाचा इंडेक्स असेल तर अनेकदा नव्याने लावणीच करावी लागत नाही.

२) आकडेवारी ताजी करा. तक्त्यात किती ओळी आहेत याचा अंदाज डेटाबेस स्वतःजवळ ठेवतो आणि त्यावरून कामाची पद्धत ठरवतो. तो अंदाज जुना असेल तर तो १२ लाखांना १२ हजार समजून चुकीची पद्धत निवडतो.

३) मेमरी बेताने वाढवा. पोस्टग्रेसमध्ये एका लावणीला मिळणारी मेमरी मुळात फक्त ४ मेगाबाइट असते. ती वाढवता येते. पण ती प्रत्येक लावणीला, प्रत्येक माणसाला वेगळी मिळते हे विसरू नका. एकाच वेळी दहा जण बसले तर दहापट किंवा त्याहून जास्त लागेल आणि सगळा संगणकच बसेल.

४) वेळ वाटून घ्या. वर्षभराची उधारी यादी, मालाचा ताळा आणि जीएसटीचे विवरण एकाच दुपारी काढायची गरज नाही. मोठी कामे रात्री दुकान वाढवल्यावर एकामागून एक लावावीत.

५) इतके करूनही जागा कमी पडत असेल, तर मग खुशाल जागा वाढवा. काम वाढले तर जागाही वाढायला हवी. मात्र मर्यादा घालून वाढवा. ‘आपोआप वाढत राहो’ असे सोडले तर एक बिघडलेली यादी सगळी डिस्क खाऊन टाकील आणि मग बिल काढणेही बंद पडेल. शक्य असल्यास तात्पुरती जागा वेगळ्या डिस्कवर ठेवा. ओरॅकलच्या साध्या फाइलला ८ किलोबाइटच्या ब्लॉकवर सुमारे ३२ गिगाबाइटची हद्द असते. तिथपर्यंत पोचल्यावर दुसरी फाइल जोडावी लागते.

काहीजण संगणक बंद करून पुन्हा सुरू करतात आणि रोग गेला असे समजतात. एसक्यूएल सर्व्हर दर वेळी सुरू होताना टेम्पडीबी नव्याने बनवतो, म्हणून जागा मोकळी दिसते. पण ती यादी पुन्हा लावली की पुन्हा तेच. हा इलाज फक्त त्या दिवसापुरता आहे.

हे कधीही करू नका

घाईत काही मंडळी डिस्क उघडून ‘फालतू’ वाटणाऱ्या फाइली हाताने पुसतात. सर्वात मोठे नुकसान इथे होते. मायएसक्यूएलच्या नव्या आवृत्त्यांमध्ये ‘आयबीटीएमपी-१’ ही तात्पुरती फाइल असते आणि तिच्या शेजारीच ‘आयबीडेटा-१’ नावाची फाइल असते. पहिली फाइल मायएसक्यूएल सुरू होताना नवी बनते. दुसरी गेली तर हिशेब गेला. पोस्टग्रेसमध्ये पूर्वी ‘पीजी-एक्सलॉग’ नावाचे एक दालन होते. नावात ‘लॉग’ असल्यामुळे अनेकांनी ते रद्दी समजून पुसले आणि डेटाबेस मोडून बसले. अखेर २०१७ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीत त्याचे नाव बदलून ‘पीजी-वॉल’ करावे लागले. तेव्हा नियम एकच, डेटाबेसची जागा डेटाबेसच्या हुकमानेच मोकळी करायची, हाताने नाही. आणि कोणताही बदल करण्यापूर्वी बॅकअप घ्यायचा. तात्पुरत्या जागेचा बॅकअप लागत नाही, बाकी सगळ्याचा लागतो. तो दुसऱ्या डिस्कवर ठेवावा आणि त्यातून हिशेब खरोखर परत येतो का, हेही अधूनमधून पाहून घ्यावे.

कुरआन शरीफमधील सर्वात मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, देण्या-घेण्याची मुदत ठरवताना ते लिहून ठेवण्याबद्दल आहे. आपल्या वहीत जे लिहिलेले असते ते फक्त आपले नसते. दलालाची दलाली, विणकराचे देणे, शेतकऱ्याच्या घरच्या लग्नासाठी दिलेली उधारी आणि त्याने थोडी थोडी करून फेडलेली रक्कम, हे सगळे त्यात आहे. त्याने फेडलेले शंभर रुपये आपल्या संगणकातून पुसले गेले तर त्याचा हक बुडतो आणि जबाब आपल्यालाच द्यायचा आहे. वही कागदाची होती तेव्हा ती अमानत होती, संगणकात गेली म्हणून ती अमानत राहिली नाही असे होत नाही.

म्हणून पुढच्या वेळी तात्पुरती जागा संपल्याचा संदेश आला की सॉफ्टवेअरवाल्याला चार प्रश्न विचारा. कोणत्या कोठारात जागा संपली? त्या वेळी जागा कोणाच्या कामाने अडवली होती? त्या यादीला हिशेबाने किती जागा लागायला हवी होती? आणि काही बदलण्याआधी बॅकअप घेतला का? या चारही प्रश्नांची उत्तरे आल्याशिवाय डिस्कचे पैसे देऊ नका.