गावाबरोबर गेलेले चर्च

वाचकहो, घर बदलायचे झाले म्हणजे आपण बरोबर काय काय नेतो? जाते, पाटा, भांडीकुंडी, देव्हाऱ्यातले देव. भिंती मात्र मागेच राहतात. पण एक सबंध गाव उठले आणि जाताना आपल्या चर्चमधले खांबसुद्धा घेऊन गेले! खरे वाटत नाही ना? पण ही खरी गोष्ट आहे, आणि ती मुंबईजवळच्या अंधेरीतली आहे.

आज अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही मुंबईची उपनगरे आहेत. पूर्वी ही सारी साष्टी बेटावरची खेडी होती. भातशेती, ताडाची झाडे आणि मासेमारी यांवर लोकांचे पोट चाले. सन 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. साष्टीही त्यात गेली. पुढे येथील पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले. त्यांचे वंशज आजही येथे राहतात. ते स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतात. पण घरातली त्यांची बोली मराठीच आहे, बरे का!

अंधेरीच्या पूर्वेस कोंडिविटे नावाचे गाव आहे. तेथील डोंगरात बौद्ध भिक्षूंची फार जुनी लेणी आहेत. महाकालीची लेणी म्हणतात ती हीच. या परिसरात सन 1579 मध्ये जेसुइट पाद्र्यांनी एक चर्च बांधले. त्याला संत योहान बाप्तिस्ता याचे नाव दिले. येशू ख्रिस्ताला यार्देन नदीत बाप्तिस्मा देणारा तो हा योहान.

आता हे चर्च कसे होते ते पाहू. त्या काळी आजचे सिमेंट नव्हते. काम सगळे दगडचुन्याचे. समोर खांबांची पडवी, शेजारी घंटेचा मनोरा, आत लोकांना बसायला लांबट दालन. दालनाच्या शेवटी वेदी, म्हणजे पूजेची जागा. वेदीवरचे छप्पर दगडी आणि कमानीचे. पिंप उभे कापून अर्धे पालथे घालावे, तसे ते दिसते.

दगड अधांतरी कसा राहतो, असे कोणी विचारील. त्यातली युक्ती सोपी आहे. कमानीचा दगड खाली अरुंद व वर रुंद घडवतात. आधी लाकडी साचा उभारून त्यावर दगड रचतात. मधला शेवटचा दगड बसला की साचा काढून घेतात. दगड एकमेकांना रेटून धरतात आणि कोणीच खाली पडत नाही. हा रेटा बाजूच्या भिंतींवर येतो, म्हणून भिंती जाड लागतात.

सगळी चर्चे मात्र एकाच घाटाची नसतात. मुंबईच्या कोटात स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन लोकांचे सेंट अँड्र्यूज चर्च आहे. ते 1819 साली उघडले. त्या पंथात मूर्ती नसतात. उपदेशाला मोठा मान असतो. जसा पंथ, तशी इमारत.

कोंडिविट्याच्या चर्चने तीन राज्ये पाहिली. 1739 साली मराठ्यांनी वसई जिंकली. 1774 साली साष्टी इंग्रजांनी घेतली. चर्च उभेच होते. गाव उठले ते राजामुळे नव्हे, रोगामुळे. सुमारे 1840 साली तेथे साथ आली. त्या काळी बहुतेक साथींवर औषध नव्हते. लोकांनी गाव सोडले आणि ते जवळच मरोळला जाऊन राहिले.

मरोळला त्यांनी नवे चर्च उभारले. जुन्या चर्चमधल्या मूर्ती, वेदी, बाप्तिस्म्याचे दगडी पात्र आणि खांब तेथे नेले. ज्या पात्रातल्या पाण्याने आजोबांचा बाप्तिस्मा झाला, त्याच पात्रातल्या पाण्याने नातवाचा व्हावा, असे त्यांना वाटले असेल. आम्हांला तर यात नवल वाटत नाही. माणसे आधी वाचवली, मग आठवण वाचवली. क्रम बरोबरच होता.

मागे राहिलेल्या इमारतीला वाली उरला नाही. कौले फुटली, पावसाचे पाणी मुरले, वासे कुजले, छप्पर गेले. वड-पिंपळाची रोपे फटीत रुजली म्हणजे त्यांची मुळे चिरे अलग करतात. घराची डागडुजी वेळेवर का करावी, ते यावरून कळते.

1973 साली या भागात सीप्झ ही कारखान्यांची वसाहत झाली. पडके चर्च तिच्या कुंपणाच्या आत आले. पासाशिवाय तेथे जाता येत नाही. तरी दरवर्षी मे महिन्यात तेथे सण होतो. मरोळची मंडळी येतात आणि उघड्या आभाळाखाली प्रार्थना करतात. गाव सोडून पावणेदोनशे वर्षांवर झाली, तरी ओढ सुटलेली नाही.

मंडळी, तुमच्याही गावात एखादे जुने देऊळ, मशीद, चर्च किंवा बारव असेल. तिचा चिरा घरी नेऊ नका. अक्षर आले म्हणून तिच्यावर आपले नाव कोरू नका. नाव लिहायला वही आहे. त्याच वहीत एक काम करा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा : ही वास्तू कोणी बांधली? केव्हा? ते सांगतील ते तारीख घालून लिहून ठेवा. माणूस जातो, भिंत पडते. लिहिलेले मात्र नातवंडांच्या हाती पडते.