चेसी नंबर हाती येईपर्यंत जुनी गाडी विकू नका

मूल, सावली, गडचिरोली या पट्ट्यातल्या दुकानांना किराणा पोचवायचा आणि परतताना धान, मोह, भाजी, मिळेल तो माल भरून आणायचा, हा माझा धंदा. डिझेलचा खर्च भाड्यात बसेना, म्हणून दिवाळीच्या आधी बॅटरीवरची पिकअप बुक केली. संक्रांतीपर्यंत गाडी दारात उभी राहील, असं शोरूमवाल्यांनी सांगितलं होतं. मोहाचा हंगाम गेला, तेंदूपत्त्याचं संकलन आटोपलं. गाडी आली तेव्हा बांधीत रोवणी चालू होती. जुनी गाडी आधीच विकून टाकली होती, त्यामुळे मधल्या काळात ड्रायव्हरचा पगार आणि भाड्याच्या गाडीचा खर्च दोन्ही अंगावर पडले.

शोरूमचं किंवा कंपनीचं नाव लिहीत नाही. गाडी नेमकी कुठे कुठे अडते, हे चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या छोट्या व्यापाऱ्यांना, बचत गटांना आणि ग्रामसभांना कळावं, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

पहिली गोष्ट म्हणजे रांग. बॅटरीवरच्या छोट्या मालवाहू गाड्यांचं पहिलं गिऱ्हाईक शहरातल्या मोठ्या कंपन्या आहेत. टाटांनी ‘एस ईव्ही’, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीची बॅटरीवरची आवृत्ती, मे २०२२ मध्ये जाहीर केली तेव्हाच ३९ हजार गाड्यांचे करार ई-कॉमर्स आणि मालवाहतूक कंपन्यांशी झाले होते. प्रत्यक्ष गाड्या द्यायला सुरुवात झाली जानेवारी २०२३ मध्ये, आणि त्याही अशाच मोठ्या कंपन्यांना. त्यात कंपनीचंही एक कारण आहे. एका आवारात पन्नास गाड्या दिल्या की चार्जर आणि दुरुस्तीचा माणूस एकाच ठिकाणी लागतो. सिंदेवाही, चामोर्शी, आलापल्ली इथे एकेक गाडी दिली तर प्रत्येक ठिकाणी माणूस धावत जावा लागतो. म्हणून आपल्याला मिळालेली तारीख बहुतेक वेळा अंदाजाची असते. माझ्या बुकिंगच्या पावतीवर रक्कम होती, रंग होता, चेसी नंबरचा रकाना मात्र कोरा होता. तो रकाना कोरा असेल तर तुमच्या नावाची गाडी अजून ठरलेलीच नाही, असं समजा.

दुसरी अडचण कारखान्यातली. बॅटरीचे सेल बहुतांशी चीनमधून येतात. मोटरमध्ये लागणाऱ्या दुर्मिळ धातूंच्या चुंबकांवर चीनने एप्रिल २०२५ मध्ये निर्यात नियंत्रण आणलं, तेव्हा आपल्याकडच्या वाहन उद्योगाची तारांबळ उडाली. अमेरिकेतही वेगळं नाही. टेस्लाने सायबरट्रक ही पिकअप नोव्हेंबर २०१९ मध्ये दाखवली, २०२१ चा वायदा केला आणि पहिल्या गाड्या दिल्या ३० नोव्हेंबर २०२३ ला. फोर्डने फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘एफ-१५० लाइटनिंग’चं उत्पादनच थांबवलं, कारण देण्याआधीच्या तपासणीत एका गाडीच्या बॅटरीने पेट घेतला होता. अशा कारणाने उशीर होत असेल तर थांबावं आणि शोरूमशी भांडू नये. आपल्या सरकारनेही बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक केले, ते बरंच झालं.

तिसरी अडचण आपल्या दारातली, आणि तिच्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. चार्जर बसवायला आलेल्या मुलाने माझ्या गोदामातल्या बोर्डाला मीटर लावला आणि मान हलवली. अर्थिंग नव्हतंच. वायर भिंतीतून उतरून जमिनीत वीतभर खुपसलेली, तीही गंजलेली. पंखे, दिवे, वजनकाटा इतकी वर्षं बिनतक्रार चालले, पण चार्जर अर्थिंग तपासतो आणि ते नीट नसेल तर लाल दिवा लावून बसतो. खड्डा खणला, तांब्याची पट्टी पुरली, मीठ-कोळसा भरला, पाणी ओतलं, तेव्हा कुठे काम पुढे सरकलं. मीटरचा मंजूर भार वाढवायचा अर्ज महावितरणकडे वेगळा करावा लागला. तोवर जागा तयार नाही म्हणून माझा नंबर मागे गेला होता. गाडी बुक करायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, हे मी कळकळीने सांगतो. जंगलपट्ट्यात लाईन रात्र-रात्र जाते, त्याचाही हिशेब आधीच मांडा. मूलहून गडचिरोलीला जाऊन-येऊन होतं, तेवढ्या फेरीला ही गाडी उत्तम. भामरागडला भरल्या गाडीने जायचं असेल, आणि पावसात पर्लकोटा नदीला पूर आला की पलीकडे अडकायची वेळ येणार असेल, तर तूर्त डिझेलचीच ठेवा.

मग कर्ज. मंजुरीच्या पत्राला मुदत असते. गाडी लांबली की मुदत संपते आणि कागद पुन्हा द्यावे लागतात. काही ठिकाणी कोटेशनवरच कर्जाची रक्कम शोरूमकडे वळती करायला सांगतात. तसं करू नका. पैसे गेल्या दिवसापासून व्याज चालू होतं, गाडी कुठेही असो. चेसी नंबर घातलेलं बिल हाती आल्यावरच रक्कम सोडायला सांगा. विम्याची तारीखही तीच धरा.

पासिंगबद्दल बऱ्याच खोट्या सबबी सांगितल्या जातात. परमिट अडलंय, असं कुणी म्हटलं तर मानू नका. बॅटरीवरच्या मालवाहू गाड्यांना ऑक्टोबर २०१८ पासून परमिटची अट नाही. दिल्लीहून अनुदान यायचं आहे, ही दुसरी सबब. केंद्राची फेम-२ ही अनुदान योजना ३१ मार्च २०२४ ला संपली, आणि नंतरच्या पीएम ई-ड्राइव्हमध्ये ट्रकचं अनुदान साडेतीन टनांवरच्या गाड्यांना आहे, छोट्या पिकअपला नाही. राज्याचं इलेक्ट्रिक वाहनांचं धोरण १ एप्रिल २०२५ पासून लागू आहे. त्यातलं तुमच्या गाडीला काय मिळतं ते चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या आरटीओत स्वतः जाऊन विचारा. खरा वेळ जातो तो नुसती चेसी घेऊन बाहेर बॉडी बांधली तर, कारण मग तपासणी वेगळी होते. शक्यतो बॉडीसकट तयार गाडी घ्या. हिरव्या पाटीवर पिवळे अंक लागल्याशिवाय माल भरू नका.

बुकिंगच्या दिवशीच लिहून घ्या: ठरल्या मुदतीत चेसी नंबर मिळाला नाही तर पूर्ण रक्कम परत. शिक्का आणि सही घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या आश्वासनावर विसंबू नका. जुनी गाडी तोवर चालू ठेवा. स्वतःच्या पोटापाण्यासाठी गाडी घेणारा छोटा धंदेवाईक कायद्याने ग्राहकच ठरतो. पैसे अडकले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे आणि जिल्हा ग्राहक आयोग चंद्रपुरातही आहे, गडचिरोलीतही आहे.