आई जाड, बाळ रोड: दोघंही कुपोषित



"अंगानं भरलेली बाई कुपोषित कशी असेल?" हा प्रश्न सभेत नेहमी येतो. उत्तरासाठी मुंबईचं उदाहरण घेऊ, कारण ती माणसं आपल्याकडचीच आहेत. मराठवाडा, सोलापूर भागातली कितीतरी पारधी कुटुंबं पोटासाठी मुंबईत जातात. दादर, परळ, लालबागला फूटपाथवर, पुलाखाली राहतात, सिग्नलला गजरे आणि लिंबू-मिरची विकतात. तिथं एकाच बिऱ्हाडात सुटलेल्या अंगाची आई आणि तिच्या कडेवर काडीसारखं बाळ दिसतं. बघणारे म्हणतात, आईच सगळं खाते. हे साफ चूक आहे.

पारधी मूळचे शिकारी. फासे लावून तितर, लावा, ससे धरायचे. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याखाली पुढे त्यांच्यावर गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला, तो १९५२ साली कागदावरून पुसला गेला. मग १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली. जमीन बहुतेकांकडे नव्हतीच. ताटातलं मांस गेलं, पण त्या जागी डाळ-दूध काही आलं नाही.

फूटपाथवर तर चूल मांडायचीही पंचाईत. सरपण नाही, पाणी विकत, आणि हटवायची गाडी आली की पीठ-भांडी सगळंच जातं. मग वडापाव, बिस्किटं, चहा. मैदा, तेल, साखर यांनी आईचं पोट भरतं, वजनही वाढतं, पण रक्त वाढत नाही. बाळाचं पोट एवढंसं. ते चहा-बिस्किटानं भरलं की दुसरं काही मावत नाही. लिंबू विकणाऱ्या बाईच्या स्वतःच्या जेवणात लिंबू नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. जेवणात लिंबू पिळलं तर अन्नातलं लोह अंगी लागतं, जेवणाबरोबर चहा घेतला तर ते लागत नाही.

हे फक्त फूटपाथवरच्यांचं नाही बरं का. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या शंभरातल्या सुमारे २१ बायका कमी वजनाच्या, २३ जास्त वजनाच्या आणि ५४ रक्त कमी असलेल्या निघाल्या.

म्हणून नुसत्या काट्यावर जाऊ नका. १५० सेंटीमीटर उंचीच्या बाईचं वजन साधारण ४२ ते ५२ किलो असावं. कंबर ८० सेंटीमीटरच्या वर गेली की साखर आणि बीपी तपासून घ्या. हिमोग्लोबिन मात्र प्रत्येकीनं तपासायचं, जाड असो की बारीक. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाचा डावा दंड मधोमध मोजा. साडेबारा सेंटीमीटरच्या खाली असेल तर अंगणवाडी ताईंना सांगा. साडेअकराच्या खाली असेल तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना. परळला केईएम आणि मुलांचं वाडिया रुग्णालय जवळ आहे, पण दिवसाची विक्री बुडते म्हणून बाया जात नाहीत. बाळ हातचं जातं ते अशा वेळी.

चूल नसली तरी फुटाणे, शेंगदाणे, केळं, उकडलेलं अंडं मिळतं. वडापावच्या पैशात यातलं काहीतरी नक्की येतं.

आपल्या गटांसाठी एक काम आहे. गावातलं रेशनकार्ड आता मुंबईतल्या दुकानातही चालतं, माणशी महिना ५ किलो धान्य. पारधी वस्तीतलं कुटुंब निघायच्या आधी त्यांच्या कार्डावर सगळ्यांची नावं आहेत का, आधार जोडलाय का, हे गटाच्या सचिवांनी बघावं. आणि पुढच्या सभेला शिवणाची टेप घेऊन या, दंड आणि कंबर तिथंच मोजू.